मागणी पहिली: हातमोजे

मी लिहिलेल्या पहिल्या पत्रकात अकरा मागण्या होत्या आणि त्यातली पहिलीच चुकीची होती. हे कळायला मला एक क्षण लागला. छापायला मात्र सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत आमच्या कारखान्यातल्या बायका रोज सकाळी हातमोजे चढवून फिरत्या मशीनसमोर उभ्या राहत होत्या. ते हातमोजे मी मागून आणले होते.

आमचं घर तळासरीचं. बाबा आयुष्यभर पत्रकं लिहीत आणि वाटत आले. जमिनीची, मजुरीची, रेशनची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. घरात मला काही हवं असलं की आई म्हणायची, "असं रडून नाही. क्रमांक घालून सांग." त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुःखाला क्रमांक असतो आणि ज्याच्याकडे मागायचं तो नेहमी समोरच्या खुर्चीत बसलेला असतो, असं मला लहानपणापासून वाटत आलं. अजूनही पुष्कळसं वाटतं. पण पत्रकात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. पत्रक लिहिणारा कधी चुकत नाही. निदान आमच्या घरातल्या गठ्ठ्यांत चुकलेला एकही नव्हता.

पदवी झाल्यावर मी हायवेलगतच्या एका लहान कारखान्यात कामाला लागले. तिथे लाकडी ट्रे, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या आणि घड्याळाच्या चकत्या बनायच्या. त्यांच्यावर पुढे वारली चित्रं काढून माल शहरातल्या दुकानांत जायचा. चित्रं काढणाऱ्या बायका वेगळ्या खोलीत बसत. आम्ही घासणाऱ्या. शहरात कोणी ते घड्याळ भिंतीला लावतं तेव्हा त्यावरच्या नाचणाऱ्या आकृत्यांचं कौतुक करतं. त्यांच्या पायांखालची जमीन इतकी गुळगुळीत कोणी केली, असं कोणी विचारत नाही.

आमच्याकडे हातात धरायचे चार गोल सँडर होते. खाली काचपेपर लावलेली चकती, वर मूठ. कोपऱ्यात एक ड्रिल होतं. आणि मधोमध होता तो "पट्टा". काचपेपरचा रुंद पट्टा दोन रुळांवर सरसर फिरायचा, समोर लोखंडी टेकू होता आणि त्या टेकूवर ट्रे टेकवून त्याची कड पट्ट्याला लावायची, की कड गोल होऊन यायची. पट्ट्यावर काकू बसायच्या. त्या आमच्या शेजारच्या, म्हणून मी त्यांना काकू म्हणायचे. माझं ऐकून सगळ्याच म्हणायला लागल्या. मूळच्या वरोरच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. चाळिशीच्या, हात लहानखुरे, आणि दोन्ही हातांत मनगटावर अगदी घट्ट बसलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या.

सँडर चालवायला मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी मशीन इतक्या जोराने दाबलं की ट्रेवर अर्धचंद्रासारखे खड्डे पडले.

"काय करतेयस ग?" काकू म्हणाल्या. "लाकडाला मारतेयस का? पत्रक आहे का ते?"

सगळ्या हसल्या. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. वजन मशीनचं, आपण फक्त दिशा द्यायची. वायर खांद्यावरून मागे टाकायची, म्हणजे चकतीखाली येत नाही. ओढणीची टोकं आत खोचायची. तोंडावरचा रुमाल मागे गाठ मारून बांधायचा. मशीन लाकडाला टेकलेलं असताना बटण दाबायचं नाही, आणि बंद केल्यावर चकती पूर्ण थांबेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही. रोज सकाळी त्या माझी तोंडी परीक्षा घ्यायच्या.

"प्लग लावायच्या आधी काय बघायचं?"

"बटण बंद आहे का."

"कागद बदलायच्या आधी?"

"प्लग काढायचा."

"नुसतं बटण बंद केलं तर?"

"कोणाचं तरी कोपर लागेल."

"आणि लाइट गेली तर?"

इथे मी पहिल्या दिवशी अडकले होते. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा सगळ्यांना विश्रांती मिळते, यापलीकडे मी विचार केला नव्हता. काकू म्हणाल्या, "लाइट गेली की मशीन मरत नाही, नुसते डोळे मिटून पडते. आधी बटण बंद कर, मग गप्पा मार. नाहीतर लाइट येते आणि तू चहा पितेयस तोवर हे टेबलावरून पळत तुझ्या मांडीवर येतं."

कारखान्यातल्या मशिनी बघायचं काम मिस्त्रींचं. ते चिखले गावचे, जातिवंत सुतार, साठीला टेकलेले. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. ते कमी बोलत, आणि जे बोलत ते मशीनच्या आवाजावरून ओरडून, त्यामुळे नेहमी रागावल्यासारखं वाटायचं. त्यांचा एकच नियम होता. फिरत्या मशीनवर हात उघडा हवा. बांगड्या काढा, मनगटातले दोरे काढा.

त्यावरून रोज भांडण व्हायचं.

"काढा म्हणे," काकू म्हणायच्या. "माझा नवरा जिवंत आहे, मिस्त्री. सकाळीच डबा घेऊन गेलाय."

"तुमचा नवरा जिवंत आहे, ते चांगलंच आहे. मला तुमचा हात पण जिवंत पाहिजे."

"मग तुम्ही हाताकडे बघा, बांगड्यांकडे बघू नका."

मला हे भांडण मध्ययुगीन वाटायचं, दोन्ही बाजूंनी. माझ्या हातात एक घड्याळ सोडलं तर काही नसायचं. मी एकदा मिस्त्रींना विचारलं, "हातमोजे का नाहीत? सगळ्या जगात कामगारांना हातमोजे देतात."

"मोजे नकोत."

"का नकोत?"

पट्टा चालू होता. ते ओरडले, "नकोत म्हणजे नकोत." आणि निघून गेले.

मला त्या ओरडण्यात आमच्या मालकाचा, शेठचा आवाज ऐकू आला. हातमोजे म्हणजे खर्च, आणि खर्च वाचवायला मालक नेहमी एखादा जुना माणूस पुढे उभा करतो, हे मी शंभर पत्रकांत वाचलं होतं. मी आठवडाभर बसून माझं पत्रक लिहिलं. मागणी पहिली: हातमोजे. मग भुसा ओढून घेणारा पंखा, ड्रिलवरची जाळी, मास्क, औषधाची पेटी, बायकांसाठी वेगळा संडास, अशा अकरा. आणि खाली एक वाक्य, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान होता: "मालकाचं तोंड होऊन बोलणारे मुकादम कामगारांच्या हातांची किंमत ठरवू शकत नाहीत."

मिस्त्रींना दारात उभं राहून ते वाचताना मी पाहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.  तोवर ते मला "पोरी" म्हणत, त्या दिवसापासून "ताई" म्हणायला लागले.

शेठ पलीकडच्या गुजरातच्या हद्दीतून मोटरसायकलवर यायचे. त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं आणि हसले. "अरे बेन, एमां शुं? हातमोजा काले आवी जशे. बाकीचं बघू." आणि खरंच दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. पांढरे सुती, तळव्यावर निळे रबरी ठिपके असलेले, सगळे पुरुषी मापाचे. आम्हाला ते घालायला लावून शेठने फोटोही काढला.

पण बायका खूश झाल्या, आणि माझ्या कल्पनेपेक्षा जास्त. मोजा बांगड्यांवरून वर खेचता यायचा. बांगड्या आत झाकल्या जायच्या, काढायचा प्रश्नच मिटला. काकूंनी हात वळवून वळवून बघितला आणि म्हणाल्या, "तुझ्या वाचण्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला बघ." बाबांनी पत्रकाची एक प्रत शर्टाच्या खिशात ठेवली आणि पंधरा दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, "पहिल्याच झटक्यात पहिली मागणी."

मग ती दुपार आली. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. मी माझ्या टेबलावर गोल सँडर चालवत होते, काकू चार पावलांवर पट्ट्यावर ट्रेची कड घासत होत्या. त्यांच्या मोज्याच्या बोटाचं रिकामं टोक, मोठ्या मापामुळे पुढे लोंबणारं, पट्टा आणि टेकूच्या फटीत गेलं. आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड कात्रीने फाडावं तसा. काकूंचा हात ट्रेसकट खाली ओढला गेला. पट्ट्याचं बटण त्यांच्या मागे भिंतीवर होतं, चार पावलांवर. त्या तिथे पोचू शकत नव्हत्या. मी पोचू शकले असते. पण माझ्या हातात चालू सँडर होता आणि चकती थांबेपर्यंत तो ठेवायचा नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तो तसाच धरून उभी राहिले. मिस्त्री कुठून आले ते मला दिसलं नाही. त्यांनी बटण बंद केलं.

पट्टा थांबला तोवर मोजा पूर्ण आत गेला होता आणि हात बाहेर होता. मोजा ढगळ होता म्हणून हात त्यातून निसटला. तर्जनीचं नख गेलं होतं, दोन बोटांची साल निघाली होती, रक्त पट्ट्यावरून खाली भुशात पडत होतं. काकूंनी आधी जमिनीकडे बघितलं. हिरव्या काचा पडल्या होत्या.

"दोन वाढल्या," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.

तळासरीच्या दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फिरत्या मशीनवर मोजा घालायला कोणी सांगितलं?" मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "आम्हीच मागितला होता, मॅडम." त्यांनी "आम्ही" म्हटलं. तो शब्द मी आयुष्यभर पत्रकांतून वाचला होता. त्या दिवशी तो कोणीतरी माझ्या अंगावर पांघरूण घालावं तसा वापरला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, पट्ट्यावर आणि ड्रिलवर मोजे घालू नका. कोणी काढले नाहीत.

"पत्रकात तर तूच लिहिलंस," एक जण म्हणाली.

"मी चुकीचं लिहिलं."

"छापलेलं कसं चुकीचं असेल? आणि मोजे काढले की मिस्त्री परत बांगड्यांवर येणार."

काकू सहा दिवसांनी कामावर आल्या. रोजंदारीत याहून जास्त दिवस घरी राहता येत नाही. हाताला बँडेज, त्यामुळे त्यांना गोल सँडर दिला. तो त्यांनी डाव्या हाताने चालवायला घेतला, आणि डाव्या हातात मोजा होता. बँडेज सुटलं की त्या परत पट्ट्यावर बसणार होत्या, त्याच मोज्यात. तोवर पट्ट्यावर दुसरी कोणी बसत होती, तीही मोज्यात. शेठने नव्या मोज्यांचा गठ्ठा मागवला होता. या वेळी बायकांच्या मापाचे, घट्ट.

मी बाबांना सांगितलं, मला मागणी मागे घ्यायची आहे, छापून.

बाबांनी शर्टाच्या खिशातली पत्रकाची प्रत काढून बघितली. मग म्हणाले, "शेठ तो कागद फ्रेम करून लावील. उरलेल्या दहा मागण्या त्याच कागदाने पुसून टाकील. तू तोंडी सांग."

"तोंडी सांगितलं. ऐकत नाहीत. तुम्हीच शिकवलंय लोकांना, छापलेलं खरं असतं म्हणून."

"जिंकलेली मागणी आजपर्यंत आपण कधी मागे घेतली नाही."

"त्यातल्या सगळ्या बरोबर होत्या?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.  मला ते विचारून बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी मिस्त्रींकडे गेले. माफी कशी मागतात ते मला ठाऊक नव्हतं, आमच्या घरात त्याचा सराव नव्हता. मी म्हटलं, "मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं."

त्यांनी एक जुना मोजा घेतला, काठीच्या टोकाला अडकवला, सगळ्यांना मागे उभं केलं आणि पट्टा चालू केला. मोज्याचं टोक फटीला नुसतं लागलं. पुढच्या क्षणी मोजा नव्हता आणि काठी टेकूवर आपटून मोडली होती. त्यांनी पट्टा बंद केला.

"उघडं बोट लागलं तर साल जाते," ते म्हणाले. "आपण ओरडतो आणि हात मागे घेतो. मोजा लागला तर मशीन धरून ठेवते. घट्ट मोजा असेल तर हात सोडत नाही."

"आणि गोल सँडरवर?"

"तिथे एवढं भय नाही. हात बधिर होतात, घातला तरी चालेल. पण हाताला कुठे आठवतं, आता मी कोणत्या मशीनवर आहे ते."

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"तेव्हा मोजा कुठे होता?" ते पहिल्यांदा थोडं हसले. मग म्हणाले, "तू अकरा मागण्या लिहिल्यास. पट्ट्याला काय पाहिजे, ते मला एकदा तरी विचारलंस?"

"काय पाहिजे?"

"बटण. भिंतीवर नाही, इथे. गुडघ्याने दाबता येईल असं. मी दोन वर्षं सांगतोय शेठला."

दोन वर्षं. त्यांची मागणी माझ्या सगळ्या मागण्यांपेक्षा जुनी होती आणि मी त्यांना मालकाचं तोंड म्हटलं होतं. मी रागीट आहे आणि रागाची मला लाज नाही. अन्यायावर राग यायलाच हवा. पण माझा राग त्या दिवशी पहिल्यांदा एखाद्या कारागिराशेजारी गप्प उभा राहिला आणि बघायला शिकला.

बांगड्यांचा प्रश्न मात्र तसाच होता. मोजे काढायचे तर त्यांचं काय, हे ठरल्याशिवाय पत्रक लिहून उपयोग नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन बायकांमध्ये बसले. मी लिहिलं होतं, "मशीनवर बसताना बांगड्या काढा."

"काढा नको," काकू लगेच म्हणाल्या. "तो शब्द घरी कोणी वाचला तर सासू मला आत घेणार नाही."

"मग वाढवा लिही," दुसरी म्हणाली.

"वाढवा लिहिलं की शेठ म्हणेल, आता बांगड्या पण मीच वाढवून द्यायच्या का? एका हातात किती डझन पाहिजेत?"

हसून हसून एकीला ठसका लागला. मी चिडले होते, कारण मला शब्दांचे हे लाड पटत नाहीत. काच ती काच. पण ज्या हातासाठी मी लिहीत होते तो हात माझा नव्हता.

काकू पोळीचा तुकडा हातात धरून विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "ठेवा लिही. 'बांगड्या डब्यात ठेवा.' ठेवलेली वस्तू परत घ्यायचीच असते."

तेच लिहिलं. वर लिहिलं: "मागच्या पत्रकातली पहिली मागणी चुकीची होती. पट्ट्यावर आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका." त्याखाली कारण लिहिलं, काठीचा प्रयोग लिहिला, मिस्त्रींबद्दलचं वाक्य मागे घेतलं, आणि नवी पहिली मागणी लिहिली: गुडघ्याने दाबायचं बटण. बाबांना दाखवलं. एरवी ते पान चाळून मान डोलावतात. या वेळी त्यांनी पेन मागितलं. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, "अनवधानाने चूक झाली." त्यावर त्यांनी रेघ मारली.

"चूक झाली असं नाही," ते म्हणाले. "मी चूक केली, असं लिही. सरकारला आपण इतकी वर्षं हेच तर सांगतोय."

झेरॉक्स काढून आणल्यावर गेटवर उभं राहून त्यांनीच ती वाटली. शेठलाही स्वतःच्या हाताने दिली. शेठ म्हणाले, "लो, तमे ज मांग्या ने तमे ज ना पाडो छो." मागितलेही तुम्हीच आणि नको म्हणताही तुम्हीच. आणि बाबा म्हणाले होते तसंच झालं, तो कागद ऑफिसच्या भिंतीवर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला शेठ तो दाखवून हसायचे. पण येणारा-जाणारा तो पूर्ण वाचायचा, आणि खाली बटणाची मागणी होती. माल घ्यायला आलेल्या दोघा-तिघांनी विचारलं, बसवलं का हो ते बटण? एक दिवस शेठने मिस्त्रींना सामान आणायला सांगितलं. भुशाचा पंखा अजून आलेला नाही. त्याचं पत्रक चालू आहे.

मोजे निघाले, पण काकूंच्या बांगड्या निघत नव्हत्या. साबण लावून रोज ओढून काढायच्या म्हणजे रोज एखादी वाढणार. म्हणून एका रविवारी त्या आणि मी एसटीने डहाणूला गेलो. स्टेशनजवळच्या बांगडीवाल्या मावशींनी काकूंचा हात बोटं मिटवून दाबून बघितला. तर्जनीला नवं नख अर्धं आलं होतं, वाकडं.

"दोन-चारचं माप," त्या म्हणाल्या.

"दोन-आठ द्या."

"ताई, दोन-आठ तुम्हाला ढिल्या होतील. भाकरी थापताना परातीत पडतील. दोन-सहा बघा फार तर."

"दोन-आठच."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, ही शिकलेली दिसते, हिने तरी समजवावं अशा नजरेने. मी दोन-आठचाच डबा पुढे सरकवला. त्यांनी जुन्या बांगड्या साबणाच्या पाण्यात हात बुडवून एकेक करून सोडवल्या. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मग आधी उजव्या हातात आठ नव्या भरल्या, हिरव्याच. त्या इतक्या सहज चढल्या की मावशींना स्वतःच्या कामाचा अपमान वाटला असावा.

काकूंनी हात वर केला तशा बांगड्या कोपराकडे घसरल्या. मग त्यांनी माझी ओंजळ पुढे घेतली आणि हात खाली करून एक हलका झटका दिला. आठही बांगड्या किणकिणत माझ्या हातात आल्या.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी मोजल्या. आठ होत्या. काकूंनी तो रिकामा हात जरा वेळ उलटसुलट करून बघितला, बोटं उघडली, मिटली, आणि परत माझ्यासमोर धरला, भरायला.